तुझा पासवर्ड कुणाकडे?

स्वतःची नोकरी, स्वतःचा पगार, स्वतःची गाडी... आणि लॉगिन मात्र बाबांचं! वाईच्या घाटावर निघालेल्या विषयाचा माग काढत थेट म्हसवडच्या अंगठेबहाद्दर बायकांपर्यंत.

एक साधा प्रश्न. उत्तर प्रामाणिकपणे द्यायचं आणि देताना शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे बघायचं नाही! तुमच्या म्युच्युअल फंडाच्या खात्याचा पासवर्ड तुम्हाला माहीत आहे?

गेल्या दिवाळीत वाईत आमच्या ग्रुपला मी हाच प्रश्न टाकला. आम्ही सगळ्या एकाच शाळेतल्या. आता निम्म्या पुण्यात, दोघी मुंबईत, एक बंगळुरूला. वर्षातून एकदा ढोल्या गणपतीसमोरच्या घाटावर बैठक जमते. नोकऱ्या, बॉस, सासू, जिम असे सगळे विषय झाले की पैशांवर गाडी येते. उत्तरं ऐकाच. ‘बाबा बघतात सगळं.’ ‘ह्याचा एक मित्र सीए आहे, तो सांगेल तिथे मी सही करते.’ ‘फॉर्म सोळा आला की दादाला फॉरवर्ड करते, पुढचं मला नाही माहीत.’ सगळ्यात भारी उत्तर हिंजवडीत मोठ्या टीमची लीड असलेल्या मैत्रिणीचं. कंपनीच्या सर्व्हरचा अ‍ॅक्सेस हिच्याकडे. रात्री दोनला सर्व्हर झोपला तर फोन हिलाच येतो. आणि हिच्या स्वतःच्या डीमॅटचा ओटीपी जातो कुठे, तर वाईत वडिलांच्या मोबाइलवर!

‘अगं, पण आहे ना सगळं माझ्याच नावावर!’ असं ती वर मलाच म्हणाली.

वडील प्रेमळ आहेत. एक रुपया इकडचा तिकडे करणार नाहीत. भांडण त्यांच्याशी नाहीच. पण ‘नावावर असणं’ आणि ‘हातात असणं’ यात जे अंतर आहे, ते आपल्याला दिसतसुद्धा नाही. गंमत म्हणजे याच सातारा जिल्ह्यात, वाईपासून काही तासांवर, ज्यांना स्वतःची सहीसुद्धा करता येत नव्हती अशा बायकांना ते नव्वदच्या दशकातच नेमकं दिसलं होतं. सर्व्हर सांभाळणाऱ्या माझ्या मैत्रिणीच्या कितीतरी आधी!

अंगठा चालणार नाही

वाई म्हणजे कृष्णामाई, घाट, हळद, ऊस आणि विश्वकोश. शाहरुखचा ‘स्वदेस’ (२००४) बघून इथे आलेला पाहुणा मेणवलीच्या घाटावर फोटो काढतो, पाचगणीला स्ट्रॉबेरी क्रीम खातो आणि सातारा जिल्हा बघितला असं समजून परत जातो. पण एसटी पकडा (बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, काढा फायदा) आणि साताऱ्यावरून पूर्वेला निघा. कोरेगाव, पुसेगाव, गोंदवले... खिडकीतला हिरवा रंग हळूहळू उडत जातो. सह्याद्रीचा पाऊस इथवर पोचेपर्यंत संपलेला असतो. हा माण तालुका, आणि इथलं जुनं बाजारपेठेचं गाव म्हणजे म्हसवड.

मुंबईत वाढलेल्या, अर्थशास्त्र शिकलेल्या, जयप्रकाश नारायण यांच्या चळवळीतून आलेल्या चेतना गाला ऐंशीच्या दशकात इथे राहायला आल्या. शेतकरी आणि चळवळीतलेच कार्यकर्ते असलेल्या विजय सिन्हांशी लग्न करून. मुंबईची मुलगी आणि दुष्काळी गाव! सिनेमावाल्यांनी यावर नक्की गाणं घातलं असतं. प्रत्यक्षात पुढे जे झालं त्याची सुरुवात एका प्लास्टिकच्या कागदानं झाली.

कांताबाई नावाच्या लोहारकाम करणाऱ्या बाई चेतनाताईंकडे आल्या. रस्त्याकडेलाच काम, तिथेच संसार. त्यांना पावसाळ्यापूर्वी डोक्यावर घालायला प्लास्टिकचा मोठा कागद घ्यायचा होता. त्यासाठी रोज थोडे थोडे पैसे साठवायचे होते. बँकेनं खातं उघडून द्यायला नकार दिला. का? तर रक्कम फारच किरकोळ. लक्षात घ्या, बाई कर्ज मागत नव्हत्या, सबसिडी मागत नव्हत्या. स्वतःचेच पैसे सुरक्षित ठेवायला जागा मागत होत्या!

मग बायकांनी ठरवलं, आपणच बँक काढू. भागभांडवल जमवलं, अर्ज रिझर्व्ह बँकेकडे गेला आणि परत आला. प्रवर्तक म्हणून ज्या बायकांची नावं होती त्यातल्या बऱ्याच जणींनी सहीच्या जागी अंगठे उठवले होते. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्या बँकेला परवाना कसा द्यायचा? नियमाच्या बाजूनं बघितलं तर प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता, हेही मान्य करूया. बँक म्हणजे दुसऱ्याच्या ठेवी असतात.

चेतनाताई ही गोष्ट जाहीरपणे अनेकदा सांगतात. नकार घेऊन त्या रडवेल्या परतल्या, तर गावातल्या बायका मात्र म्हणाल्या की यात रडायचं काय, लिहायला शिकू. दिवसभर काम करून रात्री त्या पाटी घेऊन बसल्या. पाचेक महिन्यांनी त्याच बायका चेतनाताईंबरोबर मुंबईला, रिझर्व्ह बँकेत हजर! तिथे त्यांनी साहेबलोकांना जे सांगितलं ते साधारण असं: आम्हाला वाचता येत नाही, कारण आमच्या लहानपणी गावात शाळाच नव्हती. पण हिशेब येतो. कुठल्याही रकमेवरचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. आणि तुमच्या अधिकाऱ्यांनाही सांगा, कॅल्क्युलेटर न वापरता करून दाखवा!

१९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. ग्रामीण बायकांनी, बायकांसाठी.

आता कुणी म्हणेल, यात नवीन ते काय? अहमदाबादला इला भट यांच्या ‘सेवा’ संघटनेनं १९७४ मध्येच अशी बँक काढली होती. चार हजार कष्टकरी बायकांनी प्रत्येकी दहा रुपयांचा भाग घेऊन. पुण्यात भगिनी निवेदिता बँकही त्याच वर्षीची. खरंय. पण माझ्यासारखीला म्हसवडच्या गोष्टीतला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपल्याला जास्त लागू पडतो.

पिन नको, अंगठा घ्या

बँक उघडली म्हणजे झालं, असं नव्हतंच. बायका बँकेत येईनात. का, तर बँकेत यायचं म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडवायची. दहा-वीस रुपये भरायला शंभराचा रोज कोण घालवेल? मग बँकच त्यांच्याकडे जायला लागली. दारात, बाजारात, भाजीच्या टोपलीपाशी. आपल्याकडे ‘डोअरस्टेप बँकिंग’ म्हणून जी सेवा आज चकचकीत जाहिरातीत विकतात, ती इथे गरज म्हणून जन्माला आली.

दुसरी अडचण जास्त नाजूक. पासबुक घरी गेलं की शिल्लक घरात कळते. आणि शिल्लक कळली की ती शिल्लक राहत नाही! सणाला, दारूला, दिराच्या मोटरसायकलच्या हप्त्याला, कशाला ना कशाला पैसे लागतातच. बाईच्या बचतीला घरात कुलूप नसतं. म्हणून तिची बचत तांदळाच्या डब्यात, मिसळणाच्या डब्याखाली, माहेरी आईकडे असा प्रवास करत असते. तुमच्या-माझ्या आजीनं हेच केलंय.

डिजिटल जमाना आला तेव्हा बायकांना कार्ड आणि पिन देण्याचं ठरलं. बायकांनी नापसंती दाखवली. चेतनाताईंना वाटलं की चार आकडे पाठ करायची भीती वाटत असेल, आपण शिकवू. बायकांचं म्हणणं निराळंच निघालं. पिन दुसऱ्या कुणाला तरी कळणार आणि आमचे पैसे जाणार. त्यापेक्षा खातं आमच्या अंगठ्याला जोडा, अंगठा कोण चोरणार?

वाचताना मी इथे थांबले होते. ज्या अंगठ्यामुळे परवाना नाकारला गेला होता, तोच अंगठा त्यांनी पासवर्ड म्हणून पुढे केला! पिन सांगता येतो, विचारता येतो, धाक दाखवून काढून घेता येतो. अंगठ्याला मात्र बाई स्वतः हजर लागते. घरात कुणाचं किती चालतं, याचा पुरता अंदाज असलेल्या माणसाचं हे डिझाइन आहे. कुठल्याही बिझनेस स्कूलमध्ये याला ‘युझर रिसर्च’ म्हणतील आणि त्यावर प्रेझेंटेशन करतील. चेतनाताई या अनुभवावरून एक गोष्ट आवर्जून सांगतात: गरिबांसाठी म्हणून दुय्यम दर्जाचा उपाय कधी देऊ नका, ती माणसं हुशार असतात.

पुढे बरंच काही झालं. बायकांसाठी व्यवसाय शिकवणारे वर्ग, त्यासाठी गावोगाव फिरणारी बस, गावचा स्वतःचा रेडिओ. २०१२ च्या दुष्काळात दागिने गहाण टाकून जनावरांना चारा-पाणी विकत घ्यायची वेळ बायकांवर आली, तेव्हा संस्थेनं म्हसवडला चारा छावणीच चालवली. जनावर मेलं तर कर्ज कशावर फेडणार, हा हिशेब त्यामागे होता. २०१८ मध्ये दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेच्या सहअध्यक्षा सगळ्या स्त्रियाच होत्या, त्यात आयएमएफच्या प्रमुखांच्या रांगेत म्हसवडच्या चेतना सिन्हा होत्या. सहकारी बँका महाराष्ट्रात किती बुडाल्या ते आपण बघितलंय. त्यात ही बँक पाय रोवून उभी आहे, याचं कौतुक जास्त.

गुलाबी कार्ड आणि ब्राँझची मुलगी

आता मोठ्या लोकांचं बघू. १९ नोव्हेंबर २०१३ ला, इंदिरा गांधींच्या जयंतीला, मुंबईत ‘भारतीय महिला बँके’चं उद्‌घाटन झालं. खुद्द पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते. सरकारनं एक हजार कोटी रुपयांचं भांडवल दिलं. नरिमन पॉइंटला पहिली शाखा. आणि १ एप्रिल २०१७ ला ही बँक स्टेट बँकेत विलीन! साडेतीन वर्षांत खेळ खल्लास. कांताबाईंच्या बँकेपाशी हजार कोटी नव्हते, पण आपली खातेदार सकाळी किती वाजता मोकळी असते हे तिला ठाऊक होतं. मोठ्या बँकेच्या विलीनीकरणाला इतरही कारणं असतील. तरी बायकांसाठी वेगळी पाटी लावली की वेगळी बँक होते, हा समज तेवढा निघाला.

पाटीवरून आठवलं. दर ८ मार्चला आपल्या मोबाइलवर मेसेजचा जो पाऊस पडतो! खास महिलांसाठी बचत खातं. म्हणजे काय? तर गुलाबी डेबिट कार्ड आणि लिपस्टिकवर कॅशबॅक. अरे, मला लिपस्टिकवर सूट नकोय. नोकरीतून दोन वर्षांची रजा घेतली, मूल झालं, परत रुजू झाले, तर मधल्या काळातल्या गुंतवणुकीचं काय करायचं, हे सांगणारं कुणीतरी हवंय!

जगभरात या विषयाला सध्या भारदस्त नाव आहे, ‘जेंडर लेन्स इन्व्हेस्टिंग’. म्हणजे पैसा गुंतवताना फक्त नफा न बघता त्या कंपनीत बायकांना पगार, बढती, निर्णय यात जागा आहे का, तिचं उत्पादन बायकांच्या उपयोगाचं आहे का, हेही बघायचं. कल्पना चांगलीच आहे. मार्च २०१६ मध्ये अमेरिकेतल्या स्टेट स्ट्रीट या बलाढ्य कंपनीनं याच कल्पनेवरचा एक फंड काढला. शेअर बाजारातलं त्याचं चिन्ह होतं ‘शी’. वर्षभरानं त्याच्या प्रचारासाठी वॉल स्ट्रीटवरच्या त्या प्रसिद्ध बैलासमोर कंबरेवर हात ठेवून उभी असलेली ब्राँझची मुलगी बसवली. ‘फिअरलेस गर्ल’. तिच्याबरोबर सेल्फी काढायला पर्यटकांची झुंबड. आणि त्याच २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये बातमी आली, की वरिष्ठ पदांवरच्या तीनशेहून जास्त बायकांना पुरुषांपेक्षा कमी पगार दिल्याच्या प्रकरणात हीच कंपनी पन्नास लाख डॉलर मोजून मोकळी होतेय. आरोप कबूल न करता, अर्थात.

आपल्याकडेही तेच. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळावर किमान एक स्त्री सक्तीची केली. तर मुदत संपता संपता बऱ्याच कंपन्यांनी काय केलं, मालकांच्याच घरातली बायको, बहीण, मुलगी नेमून टाकली. ‘नाव’ झालं! मग सेबीला वेगळा नियम करावा लागला, की ही बाई स्वतंत्र संचालक हवी. पहिल्या पाचशे कंपन्यांना एप्रिल २०१९ पासून, पहिल्या हजारांना २०२० पासून. घाटावर माझी मैत्रीण जे वाक्य बोलली, तेच इथे मोठ्या टेबलावर चालू होतं.

वाईतल्या रांगा

पुन्हा वाईत येऊ. २०२४ च्या पावसाळ्यात ‘माझी लाडकी बहीण’ योजना आली आणि बँकांपुढे अशा रांगा लागल्या की बाजारपेठेत चालणं मुश्कील. महिन्याला दीड हजार रुपये, आणि अट अशी की पैसे आधारला जोडलेल्या बाईच्या स्वतःच्याच खात्यात येणार. राजकारण बाजूला ठेवा (ते अवघड आहे, पण ठेवा), या एका अटीमुळे कितीतरी बायका आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या खात्याची चौकशी करायला बँकेत गेल्या.

रांगेत उभ्या असलेल्या बायकांशी मी गप्पा मारल्या. एकीला विचारलं, पैसे आले की कळतं कसं? ‘मुलाच्या मोबाइलवर मेसेज येतो.’ आणि काढता कसे? ‘तोच आणून देतो की, एटीएमातनं.’ कार्ड त्याच्याकडे, पिन त्याच्याकडे. मला हिंजवडीची मैत्रीण आठवली. फरक इतकाच, की या बाईकडे मोबाइलच नव्हता.

आकडेही हेच बोलतात. जागतिक बँकेच्या पाहणीनुसार २०११ मध्ये भारतात ४४ टक्के पुरुषांचं बँकेत खातं होतं आणि बायकांचं फक्त २६ टक्के. मग २०१४ मध्ये जनधन आलं. २०२१ च्या पाहणीत दोघंही ७८ टक्क्यांवर. सॉलिड प्रगती! त्या योजनेतली निम्म्याहून जास्त खाती बायकांचीच आहेत. पण त्याच पाहणीत असंही दिसलं, की देशातली साधारण एक तृतीयांश खाती वर्षभर हललीच नव्हती, आणि अशा झोपलेल्या खात्यांचं प्रमाण बायकांत जास्त होतं.

कर्जाच्या बाजूला तर गंमत उलटी. तिथे बाईच्या नावाला भलतीच मागणी! १९९२ मध्ये नाबार्डनं पाचशे बचत गट बँकांना जोडून प्रयोग केला, तेव्हापासून सगळ्यांना कळलंय की बायका हप्ता बुडवत नाहीत. मग बचत गटांच्या मागून खासगी मायक्रोफायनान्सवाले आले. पाच-दहा जणींचा गट, एकमेकींची हमी, दर आठवड्याला वसुली. कर्ज बाईच्या नावावर, रिक्षा नवऱ्याच्या नावावर, आणि हप्ता चुकला की वसुलीवाला दारात तिला हाक मारणार. आंध्र प्रदेशात २०१० मध्ये हे इतकं टोकाला गेलं की आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि राज्य सरकारला कायदा करावा लागला. २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, की घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त रक्कम हप्त्यांत जाता कामा नये. नियम कागदावर चांगला आहे. पण तीन कंपन्यांचे तीन हप्ते भरणाऱ्या बाईला तो माहीत असतो का? पतीनं उचललेल्या पैशाची फेड जिच्या घासातून होते, तिला ‘लाभार्थी’ म्हणताना माझी जीभ अडखळते.

आणि तारण? खरं मोठं कर्ज, धंदा उभा करायला लागणारं, मागायला गेलं की बँक विचारते, जमीन कुणाच्या नावावर? घर कुणाच्या नावावर? इथे येऊन आपली सगळी समानता फुस्स होते. महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क १९९४ मध्ये दिला, देशाच्या अकरा वर्षं आधी. २००५ मध्ये केंद्राचा कायदा आला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शंकाच मिटवली, की हा हक्क जन्मानं मिळतो, वडील तेव्हा हयात होते की नव्हते याच्याशी संबंध नाही. कायदा एकदम फिट! आणि गावाकडे काय चालतं? वडील गेले की वर्षश्राद्धाच्या आसपास भाऊ एक कागद आणतो. हक्कसोडपत्र. बहीण तलाठ्याकडे किंवा रजिस्ट्रारकडे जाते, सही करते, साडी-चोळी घेते, घरी जाते. ‘माहेर तुटायला नको’ हे एक वाक्य सगळ्या कायद्यांना पुरून उरतं.

हे फक्त न शिकलेल्या घरात चालतं असं समजू नका. घाटावर बसलेल्या आमच्यातल्या दोघींनी सही केलीय. दोघी पदव्युत्तर! त्यातल्या एकीनं तर कागद वाचलाच नव्हता. जमिनीचा आजचा भाव तिला मीच सांगितला, तेव्हा ती बराच वेळ पाण्याकडे बघत बसली. भावाचा राग आला नव्हता तिला. ‘त्यानं मागितलं असतं तरी मी दिलं असतं गं,’ म्हणाली, ‘पण मला माहीत असायला हवं होतं, मी काय देतेय ते.’ पुण्यात तिनं क्लास काढायचं ठरवलंय आणि बँक तारण मागतेय.

तर करायचं काय?

पगार झाल्यावर पहिला शनिवार यासाठी काढा. सगळ्या खात्यांना, फंडांना, विम्याला कोणता मोबाइल नंबर आणि कोणता ईमेल जोडलाय ते तपासा आणि स्वतःचा करा. बाबा दुखावतील अशी भीती वाटत असेल तर त्यांना शेजारी बसवा आणि त्यांच्याकडून शिकूनच घ्या. बहुतेक बाबा खूश होतात, अनुभव आहे. ‘नॉमिनी माझं नाव आहे’ यावर निर्धास्त असाल तर मात्र जागे व्हा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो फक्त पैसे ताब्यात घेणारा. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शेअरच्या बाबतीतही हेच सांगितलं, आणि ते प्रकरण होतं आपल्या ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या वारसांमधलं. त्यामुळे नवरा-बायको दोघांनीही मृत्युपत्र करावं. तिशीत मृत्युपत्र म्हटलं की लोक दचकतात, पण गृहकर्ज वीस वर्षांचं घेताना कुणी दचकत नाही!

नवऱ्याचा टर्म प्लॅन घेताना एजंटला ‘एमडब्ल्यूपी’ विचारा. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा १८७४ चा कायदा आहे, इंग्रजांच्या काळातला. त्याखाली नवऱ्यानं बायको-मुलांसाठी पॉलिसी घेतली तर ती रक्कम त्यांच्यासाठीचा ट्रस्ट ठरते, नवऱ्याच्या देणेकऱ्यांना तिला हात लावता येत नाही. फक्त हे पॉलिसी घेतानाच फॉर्मवर निवडावं लागतं, नंतर नाही. आणि फ्लॅट घेताय? महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. आधी पंधरा वर्षं ते पुरुषाला विकता येत नव्हतं, ती अट २०२३ मध्ये गेली. सत्तर लाखांच्या फ्लॅटवर सत्तर हजार वाचतात. पण मेख अशी, की जोडनावात नवरा आला की सवलत गेली. या सत्तर हजारांनी कितीतरी घरांत गोड भांडणं लावलीत. आणि सवलतीसाठी घर बायकोच्या नावावर करून कागदपत्रं, चावी, हप्त्याचा हिशेब सगळं स्वतःच्या कपाटात ठेवणारे नवरेही आहेतच.

वाई सोडायच्या दिवशी मी पोस्टाच्या आरडीचं काम करणाऱ्या एका काकूंबरोबर फिरले. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेच्या या एजंट. सगळ्या बायकाच असतात, आणि गोळा केलेल्या रकमेवर चार टक्के कमिशन मिळतं. ही योजना सत्तरच्या दशकातली, म्हणजे ‘फिनटेक’ शब्द जन्मण्याच्या आधीची. काकू दुपारी साडेबारा ते तीन या वेळेतच फिरतात. का, विचारलं तर म्हणाल्या, तेव्हा घरात बायका एकट्या असतात. पिशवीत रबर लावलेली कार्डं. एका घरी कार्ड दाखवलं, नोंद केली, आणि परत स्वतःच्याच पिशवीत टाकलं. ‘हिचं माझ्याकडेच असतं,’ पायऱ्या उतरताना त्या हळूच म्हणाल्या. ‘पाच वर्षं पूर्ण होतील मार्चमध्ये. शिलाई मशीन घ्यायचंय तिला, मोटरचं.’

काकूंच्या स्वतःच्या खात्याचा मेसेज कुणाच्या मोबाइलवर येतो, हे विचारायचं माझ्या ओठांवर होतं. तेवढ्यात त्यांचाच फोन वाजला. त्यांनी चष्मा वर करून मेसेज वाचला, कमिशन जमा झालं होतं. फोन पदराखालच्या पाकिटात टाकला आणि पुढच्या आळीकडे वळल्या. अजून अकरा घरं राहिली होती.